कोरा केसपेपर

पेनिसिलिनचं इंजेक्शन एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं, हे लास्त्री सिस्टरला पक्कं माहीत होतं. म्हणून जावामधल्या त्या खेड्यातल्या दवाखान्यात ती सगळं दोनदा विचारायची. आज तापानं फणफणलेलं चार वर्षांचं पोर आईच्या मांडीवर होतं. नाव स्लामेत, म्हणजे सुखरूप. केसपेपर आजच काढलेला, कोरा करकरीत.

"ताई, याला आधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय? पुरळ, धाप, काहीही? नीट आठवून सांगा."

"स्लामेतला? छे हो सिस्टर. स्लामेतला आजवर कशाचाच त्रास नाही."

लास्त्रीनं बाटलीवरचं नाव पुन्हा वाचलं, पोराचं वजन बघून औषध मोजलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि सुई टोचली. पोरानं भोकाड पसरलं. ते दणदणीत रडणं ऐकून तिचा जीव भांड्यात पडला.

आई पोराचे डोळे पुसत होती.



"गेल्या वर्षी इथल्याच इंजेक्शननं याचा श्वास कोंडला होता, सिस्टर, मरता मरता वाचला. आजोबा म्हणाले, पोराला नाव जड जातंय, म्हणून ही दुखणी. म्हणून तर जुनं नाव बदलून स्लामेत ठेवलं."