पहिल्या गाडीचा नारळ

"थांब गं पोरी! उतरू नको, तशीच थांब!"

हिमानीनं करकचून ब्रेक दाबले. डोंगर उतरून सायकल सुसाट आली होती. उतार संपतो तिथंच, गावाच्या तोंडाशी, एक म्हातारी दोन्ही हात पसरून रस्त्यात उभी. मागं पांढऱ्या कपड्यांतला एक गृहस्थ आणि मोजायचा टेप धरलेली दोन माणसं. चुकून कुणाच्या शेतातून आले की काय, आता शिव्या खायच्या, असं हिमानीला वाटलं.

"कुठून आलीस?" म्हातारीनं विचारलं.

"शहरातून, आजी. उस्मानपुऱ्यातून."

"आन् वढ्यावरनं कशी आलीस? तिथं पूल नाय."

"बंधाऱ्याच्या भिंतीवरून. खाली पाहिलं नाही, एवढंच!"

"बसूनच? पाय टेकला नाय?"

"एकदाही नाही."

म्हातारीनं वळून त्या गृहस्थाकडे पाहिलं. खटला जिंकल्यासारखी मान ताठ.

ही आवडाबाई, आणि तो सरपंच अप्पाराव. बहात्तरच्या दुष्काळात हा रस्ता झाला. नवी नवरी आवडाबाई इथं खडी फोडत होती आणि तिचा नवरा मोतीराम टोळीचा मुकादम होता. माणूस हट्टी. भरल्या गाडीच्या बैलाच्या तोंडाला फेस येता कामा नये, असा चढ पाहिजे म्हणायचा. म्हणून तर हा रस्ता डोंगराला वळसे घालत, दमादमानं चढतो. काम सरलं तेव्हा मोतीरामानं नारळ आणून ठेवला. पहिली गाडी येईल, तिच्या चाकापुढं फोडायचा, मग रस्ता चालू झाला म्हणायचा.

गाडी कसली येतेय! ओढ्यावरचा पूल झालाच नाही. खालून डांबरी सडक आली. यष्टी तिकडून, जीप तिकडून, यंदा थंडीतच सुरू झालेले टँकरही तिकडूनच. मोतीराम वाट बघत बघतच वारला. आवडाबाईनं मात्र हट्ट सोडला नाही. दर दसऱ्याला ती देव्हाऱ्यात नवा नारळ ठेवायची. वर्षभर वाळलेल्या जुन्याचं खोबरं काळ्या मसाल्यात जायचं. गावातल्या बाया चिडवायच्या, "काय काकू, यंदा गाडी आली, का मसालाच झाला?" तीही हसायची. घरी गेल्यावर मात्र हसायची नाही.

आणि यंदा हे टेप. शहर वाढत वाढत डोंगराच्या पायथ्याशी आलेलं. प्लॉटिंगवाल्यांना भरावाला मुरूम पाहिजे, तो हाच रस्ता खोदून न्यायचा. अप्पाराव काही वाईट माणूस नव्हे. त्याला गावासाठी नवी बोअर घ्यायची होती आणि मुरुमाचे पैसे त्यातच जाणार होते. सकाळीच तो आवडाबाईला म्हणाला होता, "काकू, ज्यावर गाडी जात नाय, त्याला रस्ता म्हनत्यात व्हय? एक गाडी दाखवा, टेप गुंडाळतो." आवडाबाई देव्हाऱ्यातला नारळ पदरात घेऊन इथं येऊन बसली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

हिमानीला यातलं काय ठाऊक? तिच्या मनात तर अजून ती वळणंच होती. गेल्याच महिन्यात तिच्या मैत्रिणीला ट्रकनं उडवता उडवता सोडलं होतं. तेव्हापासून त्यांचा सायकलींचा घोळका निवांत वाटा शोधत हिंडत होता. ती भडाभडा बोलत सुटली, "आजी, काय रस्ता आहे हो! चढ कधी संपला कळलंच नाही. ज्यानं आखला ना, त्याच्या पाया पडायला हवं. आम्ही सगळे येणार आता, दर रविवारी. आणि सगळ्यात भारी म्हणजे, अख्ख्या रस्त्यावर एकही गाडी नाही!"

अप्पारावानं टाळी वाजवली. "ऐका काकू! तुमची पाव्हनीच सांगून राहिली!"

आवडाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. पदरातला नारळ तिनं आणखी आत ढकलला.

"काय झालं? माझं काही चुकलं का?" हिमानीनं घाबरून विचारलं. टेपवाल्यांतल्या एकानं तिला थोडक्यात सगळं सांगितलं, अगदी मसाल्यासकट. हिमानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कौतुक करायला गेली आणि म्हातारीच्या रस्त्यावरच घाव घातला.

"अहो, पण मी आले ना हिच्यावर!" ती म्हणाली.

"सायकल म्हंजी काय गाडी व्हय, ताई?" अप्पाराव हसला.

हिमानीही हसली. "परवाच औरंगपुऱ्यात पंक्चर काढायला गेले होते. मी काय म्हणाले, माहितीय? ‘चाचा, गाडी पंक्चर हो गई.’ चाचांनी मुकाट्यानं पंक्चर काढलं. ही गाडी नाही, असं काही ते म्हणाले नाहीत!"

टेपवाले खो खो हसले. अप्पारावानं तोंड उघडलं, पण त्याला बोलायची सवडच मिळाली नाही. आवडाबाईनं सायकलीच्या पुढच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. पदरातून नारळ काढला आणि चाकापुढच्या दगडावर एका घावात फोडला. पाणी मुरुमात जिरून गेलं. "तुमची गाडी आली हो," ती डोंगराकडे बघत म्हणाली. कुणाला म्हणाली, ते सगळ्यांना कळलं.

मग तिनं खोबऱ्याचा तुकडा अप्पारावापुढं धरला. प्रसाद म्हटल्यावर हात आपोआप पुढं होतोच. तोंडात टाकल्यावर त्याच्या ध्यानात आलं, गाडी आल्याचं आपणच कबूल करून बसलो. चावत चावत तो टेपवाल्यांना म्हणाला, "गुंडाळा रं. बोअरचं बघू दुसरीकडनं."

आवडाबाईनं डोळे पुसले, हातातल्या उरलेल्या खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटून टाकले आणि रिकाम्या करवंट्यांकडे पाहत म्हणाली,

"घ्या! यंदा मसाल्याला खोबरं इकत आणावं लागतंय."