पट्ट्यातला आवाज

मोबाईलवरचा लिलाव सकाळीच मिटला आणि दुपारी म्हैस न्यायला गाडी दारात आली. दगडूतात्यांनी रिवाजाप्रमाणे दावं सोडून खांद्यावर टाकलं. जनावर विकलं तरी दावं घरीच ठेवायचं असतं. मग ते म्हशीच्या गळ्यातला बोलका पट्टा काढू लागले.

"तात्या, पट्टा राहू द्या," ड्रायव्हर म्हणाला. "यातल्या आवाजाशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही, असं तुम्हीच सांगितलंय ना?"

"नक्कल घेऊन जा की. मूळ आवाज मला पाहिजे."

"नक्कल निघत नाही. एका जनावराला एकच आवाज."

तात्यांनी पट्ट्यावरचा हात काढला. त्यांची बायको आनंदीबाई गेल्यापासून धारेच्या वेळी पट्टा तिच्या आवाजात म्हशीला चुचकारायचा. गुडघे धरले म्हणून तात्यांना धार काढणं सोडावं लागलं, तरी त्या वेळी ते गोठ्यात येऊन बसायचे. नव्या घरी म्हशीचे हाल होऊ नयेत, एवढ्यासाठीच त्यांनी लिलावात आवाजाचं सांगितलं होतं.

म्हैस गाडीला लावलेल्या फळीशी अडून बसली. ड्रायव्हरनं पट्ट्याची कळ दाबली.

"चल गं माझी बाय," आनंदीबाई म्हणाल्या. "भिऊ नको. मी आहे ना बरोबर."

म्हैस निमूट वर चढली. खांद्यावरचं दावं घट्ट धरून तात्याही फळीवर चढले.

"तात्या, तुम्ही कुठं?" ड्रायव्हरनं विचारलं.