अझेलियाची माती

नर्सरीवाल्याने कुंडीशी उकिडवं बसून एक पान खुडलं. पान पिवळं पडलेलं, शिरा तेवढ्या हिरव्या.

"नळाचं पाणी घालता?"

"छे हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पावसाचंच घालते, पिंपातलं. नळाचं क्षाराचं पाणी याला चालत नाही, हे मला झोपेतसुद्धा पाठ आहे."

पाठ असणारच. मास्तरांनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि उरलेलं घरी बायकोला. या अझेलियाला आंबट माती लागते, म्हणून ते दर आठवड्याला लिटमसचा कागद भिजवून बघायचे. रोप नर्सरीवाल्यानेच विकलेलं. तेव्हापासून मास्तरांनी त्याचं डोकं खाल्लं होतं. एकदा त्याने या कुंडीत विडी झटकली, तर मास्तर खेकसून अंगावर आले होते. गेलं वर्षभर मात्र ते नर्सरीकडे फिरकले नव्हते.

"मास्तर दिसत नाहीत कुठे?"

"आहेत की. इथेच." बाईंनी कुंडीच्या काठावरची माती हाताने पुसली. "आता कुठे बाहेर पडणार ते?"

गुडघ्यांनी दगा दिला असेल, असं नर्सरीवाल्याला वाटलं. त्याने खोलात जायचं टाळलं.

"काहीही करा भाऊ, पण हे जगवा. मूलबाळ नाही आम्हाला. हे गेलं तर माझ्याजवळ काही उरत नाही."

त्याने नखाने फांदी खरवडली. आत जेमतेम हिरवं होतं. अशी झाडं त्याने शेकड्याने पाहिली होती आणि बहुतेक उपटून टाकली होती. बाईंकडे बघून त्याला वाईट वाटलं.

त्याने खुरप्याने माती उकरली. चार बोटं खाली काहीतरी पांढुरकं, कणीदार लागलं. त्याने ते ओलं करून बाईंनी घरातून आणून दिलेला मास्तरांचा लाल लिटमस कागद त्यात बुडवला. कागद निळा झाला.

"बाई, ही तर राख आहे. शेकोटीची ओतलीत की काय? हिनेच घात केलाय."

बाईंचा चेहरा उतरला. "राखेने होतं हे? मला वाटायचं, विडीच्या घाणीसाठी ओरडतात ते."

"अहो, अशा झाडाला राख आणि चुना सारखाच."

"मग आता उपाय?"

"एकच. आत्ता मुळं धुवायची आणि ही माती लांब नेऊन फेकायची. चमचाभरसुद्धा ठेवायची नाही. तरीही जगेल याचा भरवसा नाही." त्याने पोतं पसरलं. "हवं तर मास्तरांना विचारून या."

बाई खाली बसल्या. दोन्ही हात त्यांनी मनगटापर्यंत मातीत घातले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

"फेकू नका हो," त्या म्हणाल्या. "स्मशानातून मला ते एवढेच घरी आणता आले होते."