पातळ पत्ती

टिंग. दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात काच सिंकला लागली.

ती धावली. नवरा हौसेनं भांडी विसळत होता. तिच्या ओबोची, त्या सनईसारख्या विलायती वाद्याची, फुंकायची बोरूची पत्ती ज्या पेल्यात भिजत होती, तो पालथा पडला होता. पत्तीचं टोक चिरलं होतं.

"मला वाटलं नुसतं पाणी आहे," तो म्हणाला. "काडीच ना? दुसरी लाव की."

काडी! चोरून मिळवलेल्या वेळात चाकूनं खरवडून खरवडून तिनं ती केसासारखी पातळ केली होती. जाड पत्ती ओरडते. आणि या घरात ओरडायचं नव्हतं. सासूबाईंचं डोकं दुखायचं, नवऱ्याचे फोन चालू असायचे. म्हणून दार बंद, फटीला लेकीची गोधडी आणि सूर डासाएवढा.

संध्याकाळी हौशी वाद्यवृंदाची निवड होती. गेल्या खेपेला मास्तर म्हणाले होते, "सूर गोड आहे बाई, पण शेवटच्या रांगेत पोचत नाही. पत्ती इतकी का खरवडता? या वेळी नाही पोचला, तर जागा दुसऱ्याला." त्यांनी दिलेली जाड पत्ती डबीत तशीच पडून होती.

"राहू दे गं आजच्या दिवस," आतून सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या पिपाणीवाचून कोणाचं अडलंय?"

नवरा हसला. मोठ्यानं नाही. पण हसला.

तिनं डबी उघडली. जाड पत्ती तोंडातच भिजवत धरली. उलट बोलता आलं नाही, ते बरंच झालं. मग ती ओबोला बसवली. दार लावलं नाही. गोधडी पायानं भिरकावली. पोटातला सगळा संताप वर आणला आणि फुंकला.

सूर सुटला. भांड्यांवर आदळला, भिंतींवर आदळला, जिना उतरून खाली गेला. आतली सासूबाईंच्या वर्तमानपत्राची सळसळ थांबली. नवऱ्याच्या हातातल्या ताटावरून फेस ओघळत राहिला. "अगं, हळू..." तो म्हणाला. तिनं श्वास घेतला आणि आणखी जोरात फुंकलं.

लेक डोळे चोळत दारात येऊन उभी राहिली. घाबरली नव्हती. आधी ओबोकडे बघितलं, मग आईकडे.

"आई, हे तू वाजवलंस?"

"हो."

"मग रोज माझ्या गोधडीमागे कोण वाजवायचं?"