बाबांची खूण

आमच्या पोवुआ बंदरातल्या कोळ्यांत बापाची खूण जशीच्या तशी मिळते ती शेंडेफळाला; वरच्या भावांनी तिच्यात रेघ वाढवून स्वतःची करायची. बाबा गेल्यावर जाळ्यांची वाटणी झाली आणि आम्ही तिघे भाऊ अंगणात बसून, तापलेल्या सळयांनी जाळी तरंगती ठेवणाऱ्या बुचांवर आपापली खूण डागत होतो.

"आपल्याला नुसत्या रेघोट्या, आणि ह्या बाळ्याला अख्खा बाप!" माझ्याकडे बोट दाखवत थोरला कुस्तोदियो मधल्या झेफेरिनोला म्हणाला.

"तुझ्या पोटात का दुखतंय, दादा?" झेफेरिनो हसला.

"ते राहू दे. तू तपासणीला कधी जातोयस?" आईने झेफेरिनोला विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाबांच्या रक्तातलं एक प्रथिन जन्मापासूनच चुकीचं होतं. लांब माळेतला एकच मणी वेगळा, पण त्यामुळे त्याची घडी विस्कटते आणि ते नसांत साचत जातं. आधी पावलं बधिर होतात, मग हळूहळू माणूसच संपतो. पोरांपैकी कुणातही ते उतरू शकतं. दादा आणि मी तपासून आलो होतो, सुटलो होतो.

"मला काय धाड भरलीय? बघ, कसा ठणठणीत आहे!" झेफेरिनो म्हणाला.

तेवढ्यात आईने हवेत हुंगलं. "अरे, काय जळतंय?"

आम्ही जाळी उचलून पाहिली, बुचं चाळली.

 

झेफेरिनोही आमच्याबरोबर शोधत होता, आणि त्याच्या हातातल्या सळईचं लालभडक टोक त्याच्याच अनवाणी पावलावर टेकलेलं होतं.