जोडीदार

चौघांच्या ऑनलाइन बुद्धिबळात समोरासमोरचे दोघे एकमेकांचे जोडीदार असतात. कुडाळचे केळुसकर मास्तर हा खेळ शिकले ते बंगळूरला राहणाऱ्या मुलासाठी. पण ओजस लवकरच वैतागला. "बाबा, तुमच्यामुळे आपण हरतो. राहू द्या."

मास्तरांनी राहू दिलं नाही. वर्षभर अनोळखी लोकांकडून हरत हरत ते तयार झाले आणि टोपणनावाने ओजसचे जोडीदार बनले. रोज संध्याकाळी डाव रंगू लागला. "भाऊ, तुमचा वजीर आला म्हणून वाचलो," ओजस लिहायचा. ऑफिसातली कटकट, बायकोशी धरलेला अबोला, सगळं तो या भाऊंना सांगायचा. घरून फोन गेला की मात्र मीटिंगमध्ये असायचा.

एका संध्याकाळी दोघांनी स्पर्धा जिंकली. "भाऊ, एकदा भेटूच आपण," ओजसने लिहिलं. मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी लिहिलं, "ओजस, मी बाबा."

थोड्या वेळाने फोन वाजला.

"बाबा, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवत होतात?"

"नाही रे. मला तुझ्याशी खेळायचं होतं."

"मग नाव सांगून यायचं!"

"नाव सांगून आलो होतो. तू नको म्हणालास."

ओजसने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच कुणाला जोडीदार घेऊन खेळत होता. मास्तर नुसते बघत बसले. ओजसचा राजा अडचणीत आला होता. उंट एक घर मागे घेतला असता तर तो वाचला असता. मास्तरांनी तसं लिहिलंही, पण निरोप जाईना. ओजसने त्यांना ब्लॉक केलं होतं.