मागच्या सालची तारीख

काल लाइट जाऊन आल्यापासून आयसीयूच्या दारावरचा वायफायचा डबा सगळे डबे चालवणाऱ्या कंट्रोलरला जोडला जाईना. त्यावरचा दिवा लालच. शिडीवर चढलेल्या नेटवर्क टेक्निशियन प्रणालीला अखेर कारण सापडलं. डब्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती. तिनं लॅपटॉपवरून कंट्रोलरची तारीख वर्षभर मागे नेली. कंट्रोलर फसला, डबा जोडला गेला, दिवा हिरवा झाला. खाली बाकावरची तेल्हाऱ्याहून आलेली म्हातारी धडपडत उठली. “झाला वं माय हिरवा. कालपासून त्याच्याकडेच पाहून राह्यली मी. आता उठीन नं आमचा बुढा?” तो दिवा ती आतल्या बेशुद्ध नवऱ्याचा समजत होती. प्रणालीला ‘नाही’ म्हणवेना. तेवढ्यात दारातून नर्स म्हणाली, “मॅडम, आतल्या मशिनींवर मागच्या सालची तारीख येऊन राह्यली. पहिले थे बरोबर करा.” त्या मशिनी तारीख कंट्रोलरकडूनच घेत होत्या. म्हातारी दिव्याला हात जोडत होती. तारीख खरी केली, की तो पुन्हा लाल होणार होता.